जुन्या फाईलवर पीडीडी-एनओएस लिहिलंय? आमचा अनुभव

आमचं लेकरू साडेतीन वर्षांचं होतं, २०१२ ला परभणीहून औरंगाबादला नेऊन दाखवलं तर डॉक्टरांनी फाईलवर लिहिलं पीडीडी-एनओएस. म्हणजे काय म्हटलं तर म्हणाले ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) जवळचं आहे पण ऑटिझम म्हणायला लक्षणं भरत नाहीत. तेव्हा डॉक्टर ज्यावरून निदान करतात ते अमेरिकेचं मानसिक आजारांचं पुस्तक, १९९४ चं डीएसएम-४, चालू होतं, त्यात ऑटिझम म्हणायला १२ पैकी कमीत कमी ६ लक्षणं लागायची. आत्याबाईंनी तेवढंच धरलं, "ऑटिझम नाही ना, मग बोलंल की, याचा बाप बी उशिराच बोलला." खरं सांगते, मला पण तेच ऐकायचं होतं, त्यात दोन वर्षं गेली.

कुकरची शिट्टी झाली की पोरगं कान दाबून मोरीत जाऊन बसायचं, शर्टाचं लेबल कापल्याशिवाय अंगात घालायचं नाही. हे सगळं मी सांगितलं होतं, पण त्या निकषांत याला जागाच नव्हती म्हणून फाईलवर आलं नाही.

२०१८ ला दिव्यांग सर्टिफिकेटसाठी गेलो तर खिडकीवरच सांगितलं हे नाव यादीत नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, पीडीडी-एनओएस नाही. दोन खेपा वाया गेल्या, तिसऱ्या वेळी तिथल्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी बसवून घेऊन नीट समजावलं, की २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये अॅस्पर्जर, पीडीडी-एनओएस ही वेगळी नावं काढली आणि सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये घेतलं, ज्यांचं आधीचं निदान पक्कं आहे त्यांना हेच निदान द्यावं असं त्यातच लिहिलंय, आणि आवाज-स्पर्शाचा त्रास पण आता निकषात आहे. १९८० च्या आधी तर त्या पुस्तकात ऑटिझम वेगळा नव्हताच, अशी लेकरं बालपणीच्या स्किझोफ्रेनियात धरायचे. हे ऐकलं आणि मला आईचा चुलतभाऊ आठवला, दिवसभर एसटीचे नंबर म्हणत बसायचा, सगळं गाव येडा म्हणायचं. त्याला काय होतं ते आता कोण सांगणार, पण त्या रात्री मला झोप नाही लागली.

मग आयएसएए ही आपल्याकडची चाचणी झाली, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ मार्क, ७० च्या खाली असलं तर ऑटिझम धरत नाहीत. आमचे ११८ आले, म्हणजे मध्यम. कुकरचं मॅडमनी स्वतःहून विचारलं, मला बोलताच येईना.

जुनी फाईल असली तर आधी नव्याने तपासून घ्या अन् मगच सर्टिफिकेटला जा, पण जुने कागद, मोबाईलमधले लहानपणीचे व्हिडिओ फेकू नका, आमचे तिथं लई कामाला आले. आता निरामय या दिव्यांगांच्या सरकारी आरोग्य विम्याचा फॉर्म भरायचाय, कुणी भरला असेल तर सांगा.