आठ महिन्यांपूर्वीची डिस्क

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

लिनक्सची नवी सिस्टीम टाकून झाली, मशीन पुन्हा सुरू झालं, फोटोंचा फोल्डर उघडला आणि शेवटचा फोटो निघाला मार्चमधला. सध्या नोव्हेंबर चालू आहे.

कुठे एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. सगळं जागच्या जागी, फक्त शिळं. मधले आठ महिने घडलेच नव्हते जणू.

आधी अर्धा तास अपग्रेडला शिव्या घातल्या. मग रेडची स्थिती दाखवणारी फाइल उघडली. रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून केलेला एक संच. माझा मिरर प्रकारचा, दोन डिस्कचा, जे एकीवर तेच दुसरीवर. मिररच्या दोन्ही डिस्क धड असल्या की तिथे चौकटी कंसात दोन यू दिसतात. मला दिसला एक यू आणि शेजारी आडवी रेघ. संचाचं नावही बदललेलं. एरवीच्या एमडी-०च्या जागी एमडी-१२७. सेटिंग फाइलमध्ये संचाची नोंद सापडली नाही की लिनक्स हे असलं नाव देऊन मोकळं होतं. अपग्रेडच्या मधेच 'जुनी फाइल ठेवू की नवी घालू?' असं विचारलं होतं खरं. मी 'नवी' म्हटलं. धड वाचलंही नव्हतं.

दुसरी डिस्क संचाबाहेर होती, पण मशीनला दिसत होती. मग काय, जोडून टाकायची परत! आज्ञा टाइपही झाली. एंटर दाबायच्या आधी एकच प्रश्न आडवा आला: चालू डिस्क जर मार्चमध्येच थांबलेली आहे, तर काल रात्री मी दिवाळीचे फोटो कुठून बघत होते?

बाहेर राहिलेल्या त्या दुसऱ्या डिस्कवरून. ती आता संचात जोडली असती, तर रेडने मार्चची डिस्क मूळ धरली असती आणि तिची नक्कल नोव्हेंबरच्या डिस्कवर पहिल्या सेक्टरपासून, म्हणजे डिस्कच्या पहिल्या छोट्या कप्प्यापासून, शेवटच्यापर्यंत इमानेइतबारे उतरवली असती. पडद्यावर टक्के वाढताना बघून मी निवांत झोपायलाही गेले असते.

आज्ञा खोडली. मशीन बंद केलं. झोप येईल असं वाटत नाही.

रविवार

दुसऱ्या मशीनला दोन्ही डिस्क जोडल्या, आधी दोन्हींना फक्त-वाचनाचं कुलूप घातलं आणि लिनक्समधलं रेड सांभाळायचं अवजार, एमडीएडीएम, त्याने तपासल्या. रेडच्या प्रत्येक डिस्कवर सुपरब्लॉक नावाची छोटी नोंदवही असते. तिच्यात घडामोडींचा एक आकडा असतो आणि संचात काही बदल झाला की तो वाढतो. नोव्हेंबरच्या डिस्कवरचा आकडा मार्चच्या डिस्कपेक्षा हजारोंनी पुढे होता. सगळी गोष्ट त्या दोन आकड्यांत आली.

मार्चमध्ये एका डिस्कची केबल सैल झाली असणार. रेडने ती डिस्क संचातून काढली आणि उरलेल्या एकीवर गाडा ओढत राहिलं. आता गंमत बघा. ही हकालपट्टी लिहिली जाते ती उरलेल्या डिस्कवर. काढलेल्या डिस्कवर कोण आणि कसं लिहिणार? त्यामुळे तिच्या लेखी आजही मार्चच आहे आणि दोघी जणी मजेत आहेत.

काल अपग्रेडच्या निमित्ताने मी पेटी उघडून धूळ झटकली, केबली दाबून बसवल्या. मार्चची डिस्क जिवंत झाली. दुसरी नेमकी त्याच वेळी अडखळली. साध्या डिस्कला खराब सेक्टर लागला की ती तोच तोच पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, कधीकधी मिनिटभर. लिनक्स मात्र एरवी ३० सेकंदच थांबतं, मग डिस्कचा नाद सोडून तिला रीसेट करतं. तेवढ्यात संच जी हजर होती तिच्यावर सुरू झाला. म्हणजे अपग्रेडचा दोष एका फाइलपुरता. बाकीचं आठ महिने शिजत होतं.

आणि मला पत्ता नव्हता? मशीनने रोज सांगितलं होतं. मशीनच्याच आतल्या रूटच्या, म्हणजे मुख्य खात्याच्या, टपालपेटीत दोनशेच्या वर पत्रं पडून होती, सगळ्यांचा मजकूर एकच: संच अपुरा आहे. ती पेटी मी आयुष्यात कधी उघडली नव्हती.

रेडची कल्पना १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली, तेव्हा त्या नावातला (आरएआयडी) 'आय' इनएक्स्पेन्सिव्ह, म्हणजे स्वस्त, डिस्कसाठी होता. पुढे तो इंडिपेंडंट, म्हणजे 'स्वतंत्र', डिस्कसाठी वापरला जाऊ लागला. माझ्या दोन्ही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, सिरियल नंबर शेजारशेजारचे, एकाच पेटीत एकाच उष्णतेत तितकेच तास फिरलेल्या. स्वस्त होत्या, एवढं म्हणता येईल.

सोमवार

नव्या डिस्क आणल्या. मूळ डिस्कवर काहीही करायचं नाही, जे करायचं ते प्रतींवर, हे पक्कं ठरवलं.

मार्चची डिस्क सुरळीत उतरली. २ टीबी, सहा तासांच्या आत, एकही सेक्टर न अडखळता. मी जिला मेलेली म्हणत होते ती ठणठणीत, बिघाड तिच्या केबलमध्ये. जिच्या भरवशावर आठ महिने काढले तिच्या स्मार्ट नोंदीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, मात्र १९७ क्रमांकाच्या रकान्यात, म्हणजे वाचता न आलेल्या सेक्टरांच्या, बऱ्यापैकी मोठा आकडा.

तिची प्रत काढायला जीएनयू डीडीरेस्क्यू लावलं, बिघडत्या डिस्कवरून डेटा उचलणारा प्रोग्रॅम. हे अवजार मला फार आवडतं, कारण ते हट्टी नाही. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलं तिथून उडी मारून पुढे जातं, आणि अडलेल्या जागा मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतं. दुखऱ्या भागांकडे नंतर वळतं, आधी कडेकडेने, मग सेक्टर-सेक्टर. वीज गेली तरी मॅपफाइल बघून तिथूनच पुढे. मरू घातलेल्या डिस्ककडून आधी सोपं काढून घ्यावं, कारण अवघड काढता काढता ती कायमची गप्प होऊ शकते.

संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळं आलं. उरलेल्या काही एमबीसाठी रात्रभर कटकट, कटकट. मी बाजूच्या खोलीत पडून तो आवाज ऐकत होते.

बुधवार

शेवटपर्यंत न आलेल्या जागा प्रतीवर रिकाम्याच असतात, आणि कुठल्या फाइलचा तुकडा गेला ते नुसतं बघून कळत नाही. डीडीरेस्क्यूला सांगून त्या सगळ्या जागी एक खुणेचा शब्द भरून घेतला, मग प्रत फक्त-वाचनासाठी माउंट करून, म्हणजे सिस्टीमला जोडून, तो शब्द ग्रेप या शोधायच्या आज्ञेने शोधला. ज्या फाइलीत सापडला ती जखमी. ४१ निघाल्या.

एक खराब जागा मात्र फाइलीत नव्हती, फोल्डरच्या यादीतच होती. फाइल सिस्टीम दुरुस्त केल्यावर दीडशेच्या वर फोटो लॉस्ट-अँड-फाउंड या बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये येऊन पडले. नावं गेलेली, फक्त आकडे. फोटो धड, ओळख पुसलेली. उघडून एकेक बघायला लागले तर आठवडा जाईल.

इथे मार्चची डिस्क उपयोगी पडली. तिच्यावर तो फोल्डर नावानिशी होता. दोन्हीकडच्या फाइलींचे चेकसम, म्हणजे मजकुरावरून निघणारे ओळखीचे आकडे, काढले, जुळवले, नावं परत लावली. दहा मिनिटं. मग त्या ४१ जखमी फाइलींपैकीही ज्या मार्चआधीच्या होत्या त्या तिच्यावर शाबूत मिळाल्या. मिरर आठ महिने बंद पडला म्हणूनच ती प्रत जुनी राहिली होती. काय म्हणावं याला, कळत नाही. चालू असता तर कदाचित यातलं काहीच घडलं नसतं, किंवा चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदम पुसली गेली असती.

३८ परत मिळाल्या. तीन मार्चनंतरच्या, त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

गुरुवार

आता वेगळ्या डिस्कवर रोज प्रत जाते, आणि ती डिस्क काम झालं की सुटी होते. सूचना मी खरोखर वाचते त्या पत्त्यावर येतात. मुद्दाम एक केबल उपटून बघितली, पत्र आलं.

तीनपैकी एक बिल, ते पुन्हा उतरवून घेता येईल. दुसरा एक व्हिडिओ, शेवट गेलाय, जाऊ दे. तिसरं आत्याचं ध्वनिमुद्रण. जूनमध्ये तिला जुना अल्बम दाखवून फोटोतल्या माणसांची नावं विचारली होती, चाळीस मिनिटं. ४०९६ बाइटचे १२ ठोकळे गेलेत, सेकंदाला १२८ किलोबिटच्या हिशोबाने जेमतेम तीन सेकंद. आत्या म्हणते, "आणि ही डावीकडची, खुर्चीला टेकलेली..." आणि थेट पुढच्या पानावर.

फोन लावला.

"कुठला गं फोटो?" आत्या म्हणाली.

फोटो आहे. मार्चच्या डिस्कवरून आलेला, अगदी स्वच्छ. उद्या पाठवते म्हटलं.