होमलॅब नोंद ३ : आकडा येणंच थांबलं तर?

मांडणी तीच, मुलुंडच्या फ्लॅटमधली होमलॅब, म्हणजे घरगुती सर्व्हरांचा छोटा संच. ४ जीबीच्या रास्पबेरी पाय ४ वर प्रोमिथियस (मशीनींचे आकडे गोळा करणारा), अलर्टमॅनेजर (इशारे फोनवर पोचवणारा) आणि ग्राफाना (आकड्यांचे आलेख दाखवणारा). जोडीला एक जुना लॅपटॉप, एक नॅस (नेटवर्कवरची साठवणपेटी) आणि राउटर. पाय, लॅपटॉप आणि नॅस या तिन्हींवर नोड एक्स्पोर्टर (मशीनचे आकडे प्रोमिथियसला देणारा प्रोग्राम), पोर्ट ९१००. स्क्रेप (आकडे ओढून आणणं) आणि रूल (अलर्टची अट) तपासणी, दोन्ही दर १५ सेकंदांनी. मागच्या टप्प्यात डॅशबोर्ड उभे राहिले. या टप्प्यात एकच प्रश्न हाती घेतला: आकडा वाईट आला की अलर्ट वाजतो, पण आकडा येणंच थांबलं तर काय होतं?

आधी जागेचा हिशोब उरकून घेऊ. तीन मशीन, प्रत्येकी साधारण १००० सिरीज (एकेका मोजमापाची वेळेनुसार चालणारी मालिका). १५ सेकंदांना एक नमुना म्हणजे दिवसाला प्रत्येक सिरीजचे ५७६० नमुने. नमुन्याला २ बाइट धरले तरी रोजचे ३५ एमबी आणि ९० दिवसांचे सव्वातीन जीबीच्या आत. प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचाच डेटा ठेवतो, तेव्हा रिटेन्शन (डेटा ठेवण्याची मुदत) ९० दिवस करून घ्यावं. लिहिणं अखंड चालू असल्यामुळे एसडी कार्ड लवकर झिजतं. यूएसबीवर एसएसडी लावा. लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी-साटा अडॅप्टर घेताना एक लक्षात असू द्या: काही अडॅप्टर पायवर यूएएस या वेगवान मोडमध्ये अडकतात. तसा निघाला तर कर्नलच्या कमांडलाइनमध्ये यूएसबी-स्टोरेजचा क्वर्क (त्या उपकरणापुरता अपवाद) टाकून यूएएस बंद करता येतं. वेग थोडा पडतो, पण एवढ्या कामाला पुरतो.

आता मुख्य मुद्दा. प्रोमिथियसच्या अलर्ट रूलमध्ये क्वेरीतून (आकड्यांना विचारलेल्या प्रश्नातून) जेवढ्या सिरीज बाहेर येतात, तेवढे अलर्ट. एकही आली नाही तर अलर्टच नाही. त्यामुळे "डिस्क १० टक्क्यांखाली" हा रूल नॅस चालू असेपर्यंतच कामाचा. डिस्क भरली, अलर्ट वाजला आणि तेवढ्यात नॅस बंद पडली, तर स्क्रेप फसताच तिच्या सगळ्या सिरीज शिळ्या ठरतात, क्वेरी रिकामी होते आणि फोनवर येतं "रिझॉल्व्हड". दुखणं वाढलेलं असतं आणि निरोप मात्र बरं झाल्याचा! यावर अर्धा उपाय म्हणजे रूलमधलं "कीप फायरिंग फॉर" हे कलम (प्रोमिथियस २.४२ पासून), १५ मिनिटं ठेवलं की अलर्ट लगेच विझत नाही. बाकीचा अर्धा उपाय म्हणजे "अप" मेट्रिक (स्क्रेप जमला तर १, फसला तर ०) ० झालं आणि २ मिनिटं तसंच राहिलं तर वाजणारा वेगळा रूल.

पण कॉन्फिगमधून टार्गेटच (ज्याचे आकडे आणायचे ती मशीन) उडालं, तर अपसुद्धा नाहीसं होतं. वायएएमएल या कॉन्फिग फाइलीत हात फिरवताना हे सहज घडतं. म्हणून प्रत्येक जॉबसाठी (टार्गेटांच्या गटासाठी) "अ‍ॅबसेंट" फंक्शनचा (सिरीज सापडली नाही तरच ते उत्तर देतं) एक रूल लिहून ठेवायचा. कंटाळवाणं काम आहे, तरी टाळू नका.

ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टरची (बाहेरून पिंग वगैरे करून पाहणाऱ्या प्रोग्रामची) गाठ याहून अवघड. तिथे अप १ याचा अर्थ एवढाच, की एक्स्पोर्टरने प्रोमिथियसला उत्तर दिलं. पिंग फसला तरी अप १ च राहतं. खरा निकाल "प्रोब सक्सेस" या मेट्रिकमध्ये असतो, अलर्ट त्यावरच लावा. आयसीएमपीसाठी (पिंगसाठी) एक्स्पोर्टरला नेट रॉ ही केपेबिलिटी (कर्नलची विशेष परवानगी) सहसा द्यावी लागते. ती नसली तर प्रत्येक पिंग ० दाखवतो आणि नेट गेल्याचा भास होतो.

मुंबईतल्या इमारतींत पिंगचे तीन थर लागतात: राउटर, ऑपरेटरचा गेटवे आणि बाहेरचा एखादा सार्वजनिक डीएनएस, जसा १.१.१.१. केबलवाल्याचा स्विच बहुधा जिन्यात किंवा गच्चीवर, सोसायटीच्या मीटरवर असतो. इमारतीची वीज गेली की घरातला राउटर यूपीएसवर चालू राहतो, पण जिन्यातला स्विच झोपतो. राउटर १, गेटवे ०, बाहेरचा ० असं दिसलं तर दोष घराबाहेर आहे.

नेमक्या त्याच वेळी अलर्टही बाहेर पडू शकत नाही. अलर्टमॅनेजर पाठवण्याचा पुन्हापुन्हा प्रयत्न करतो खरा, पण नेट परत येईपर्यंत अलर्ट विझून गेला असेल, तर पहिला निरोप कधी गेलेलाच नसल्यामुळे विझल्याचाही जात नाही. दहा मिनिटांचा खंड मागमूस न ठेवता निघून जातो. त्यासाठी उलटी घंटा हवी. "व्हेक्टर १" या क्वेरीचा, कायम वाजत राहणारा अलर्ट घराबाहेरच्या हार्टबीट सेवेकडे (नियमित ठोका येतो का हे पाहणाऱ्या) जात राहतो. ५ मिनिटं ठोका चुकला की ती सेवाच फोन वाजवते. इथे खाच अशी, की "रिपीट इंटरव्हल" (तोच अलर्ट पुन्हा पाठवण्याचं अंतर) १ मिनिट ठेवून भागत नाही. पुन्हा पाठवायचं का, हे "ग्रुप इंटरव्हल"च्या फेरीलाच तपासलं जातं आणि ती मुळात ५ मिनिटांची असते. या रूटपुरती (अलर्ट कुठे जायचा ते ठरवणाऱ्या वाटेपुरती) ती १ मिनिट करा आणि रिपीट ५० सेकंद ठेवा, म्हणजे प्रत्येक फेरीला ठोका जातो.

ग्राफानात दोन गोष्टी. टाइम सिरीज पॅनलमध्ये "कनेक्ट नल व्हॅल्यूज" नेव्हरवर ठेवा. ऑलवेजवर ठेवलं तर खंडावरून सरळ रेघ ओढली जाते आणि पडलेली मशीन धडधाकट दिसते. दुसरी, रेट फंक्शनची (वाढीचा वेग काढणाऱ्या) खिडकी, म्हणजे तो वेग ज्या अवधीवर काढला जातो तो अवधी. खिडकीत किमान दोन नमुने लागतात, स्क्रेपच्या चौपट ठेवली तर एखादा चुकला तरी चालतं. आपल्याकडे ती १ मिनिट. उद्या स्क्रेप मिनिटावर नेला आणि खिडकी तशीच राहिली, तर पॅनल रिकामं पडेल.

रात्री शांत ठेवायचे अलर्ट "अवर" फंक्शनने लिहू नका. ते यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) मोजतं आणि आपला फरक साडेपाच तासांचा असल्याने अर्धा तास कुठेतरी सांडतोच. अलर्टमॅनेजरच्या टाइम इंटरव्हलमध्ये लोकेशन म्हणून एशिया/कोलकाता द्या.

चाचणी दोन प्रकारे करायची. कागदावरची प्रोमटूलने (प्रोमिथियससोबत येणाऱ्या चाचणी-साधनाने): नमुन्यांच्या ओळीत अंडरस्कोर टाकला की तो नमुना गहाळ धरला जातो, त्यामुळे रिकाम्या डेटावर रूल कसा वागतो ते मशीनला हात न लावता कळतं. प्रत्यक्षातली नॅसची नेटवर्क केबल काढून. पुढच्या स्क्रेपपर्यंत जास्तीत जास्त १५ सेकंद, टाइमआउट १०, रूल तपासणी १५, "फॉर" (अट किती वेळ टिकावी ते) १२०, ग्रुप वेट (पहिला निरोप पाठवण्याआधीचं थांबणं) ३०: एकूण १९० सेकंद. सव्वातीन मिनिटांत फोन वाजला नाही, तर आधी टेलिग्रामचा (निरोप त्यावरच येतात) टोकन तपासा, मग रूटमधलं लेबल.