खालून येणारी हाक

डोंबिवलीतली आमची बिल्डिंग तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्यावर. संध्याकाळचे पाच वाजून गेले की खालून हाक यायची, "येतेस काऽऽ खाली?" कोण हाक मारतंय ते आवाजावरून कळायचं, कोणाला मारतंय ते कळायचं नाही. त्यामुळे एका हाकेला तीन गॅलऱ्यांतून चार डोकी बाहेर यायची. माझ्या आधी आईच उत्तर द्यायची, "ने बाई हिला, मघापासून नुसती पायात पायात येतेय." व्यायाम, स्टॅमिना, हाडांची मजबुती असलं काही तिच्या मनातही नसायचं. तिला स्वयंपाकघर मोकळं हवं असायचं.

खाली मैदान वगैरे नव्हतंच. दोन बिल्डिंगांच्या मधली उखडलेल्या फरशीची जागा, पाण्याची टाकी आणि कोणाची तरी कायमची बंद पडलेली स्कूटर. तेवढ्यात लगोरी, डबा ऐसपैस, विषामृत, साखळी सगळं मावायचं. डोंगर-पाणी खेळताना टाकीचा कट्टा म्हणजे डोंगर. तळमजल्यावरच्या आजी चेंडू जप्त करायच्या, आणि गुडघा फुटला की हळद दाबायलाही त्याच धावायच्या.

धाकट्या भावंडाला सोबत नेलं तरच खाली जायचं, ही सगळ्या आयांची अट. म्हणून प्रत्येक डावात दोन-तीन कच्चे लिंबू. त्यांच्यावर राज्य येत नसे, ते आउटही होत नसत. पण धावायचे मात्र सगळ्यांत जास्त, कारण आपण खऱ्या खेळात नाही हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसायचं. बाबा लोकलमधून चेपून आलेले असायचे, तरी गेटापाशी खांद्यावरची पिशवी न उतरवता एक चेंडू टाकायचे. एकच. लेगस्पिन म्हणून टाकायचे, पडायचा फुलटॉस.

मी तेरा वर्षांची झाले आणि आईचं उत्तर बदललं. "ती नाही येणार आता." गॅलरी तीच, हाक तीच. भाऊ जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या गाळायचा, ते मी घरात बसून ऐकायचे. त्यानंतर मी जी धावले ती थेट नोकरी लागल्यावर, लोकल पकडायला.

आता आम्ही ठाण्यात, घोडबंदर रोडला, चौदाव्या मजल्यावर. खाली पोडियमवर झोपाळे, घसरगुंडी, पडलं तरी लागू नये म्हणून रबराची जमीन. सगळं आहे, पण तिथून मारलेली हाक चौथ्या मजल्याच्या वर येत नाही. आयांच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतं, "आज कोणाची मुलं खाली येणारेत?" सात उत्तरं येतात, सातही सारखीच : बाकीचे येणार असतील तर. सगळे एकमेकांची वाट पाहतात, तोवर जेवायची वेळ होते.

5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्हाला तेवढा वेळ राज्य कोणावर यावरच्या भांडणाला लागायचा, आणि ते भांडणही पळत-पळतच चालायचं. माझी नऊ वर्षांची लेक मात्र मंगळवार-गुरुवार स्केटिंगला जाते. पाऊण तासाचं स्केटिंग आणि त्यासाठी ट्रॅफिकमध्ये जाऊन-येऊन तासभर गाडीत बसणं. मी बाकावर बसून मोबाइल बघते. बाबांचा तो एक फुलटॉस अशा वेळी हमखास आठवतो, पण म्हणून मी उठते असं नाही.

आणि तक्रार तरी कोणत्या तोंडानं करू? पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळायची तेव्हा एका गाडीची काच फुटली. ती गाडी माझी. कमिटीच्या मीटिंगमध्ये मीच सगळ्यांत जोरात बोलले. 'येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे' या पाटीचा मजकूर माझा. 'सक्त'मधला क पूर्ण काढला होता, तोही मीच दुरुस्त करून घेतला.

मागच्या आठवड्यात दोन्ही लिफ्ट एकदम बंद पडल्या. मोठी माणसं प्रत्येक मजल्यावर टेकत, कंत्राटदाराचा उद्धार करत चढत होती. लेकीनं जिन्याच्या पोकळीत डोकं घातलं आणि सहज ओरडली. आवाज घुमत तळापर्यंत गेला. अकराव्यावरून कोणीतरी ओ दिली, मग सहाव्यावरून. थोड्या वेळानं सगळ्या जिन्यात चपलांचा धबधबा. लिफ्ट सुरू होऊन चार दिवस झाले, पण पाच वाजले की जिन्यात डबा ऐसपैस सुरू होतो. डबा म्हणून कोणाच्या तरी दाराबाहेरची रिकामी कुंडी घेतलेली आहे, आणि आठव्यावरचा एक साडेचार वर्षांचा कच्चा लिंबू आहे.

काल कमिटीच्या ग्रुपवर मेसेज आला : जिन्यात फार आवाज होतो, इथेही पाटी लावावी. मजकूर मॅडमनीच द्यावा, त्यांचं मराठी चांगलं आहे.

मेसेज पाठवणाऱ्याला दोन निळ्या टिका दिसत असणार. मी अजून उत्तर दिलेलं नाही.