घरच्या मीडिया सर्व्हरसाठी ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना

घरच्या मीडिया सर्व्हरसाठी, म्हणजे घरातले व्हिडिओ साठवून टीव्हीवर पाठवणाऱ्या संगणकासाठी, ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना बहुतेक जण आधी बसवायला सोपी कोणती आणि फुकट कोणती हे पाहतात. मी मात्र पहिला प्रश्न असा विचारतो की, हे यंत्र उद्या बंद पडले, तर त्यातली हार्ड डिस्क काढून दुसऱ्या साध्या संगणकाला जोडल्यावर वाचता येईल का? ऑपरेटिंग सिस्टीम एका संध्याकाळीत पुन्हा बसवता येते; लग्नकार्यांची आणि लहानग्यांची वर्षानुवर्षे जमवलेली चित्रफीत एकदा गेली की पुन्हा मिळत नाही.

या कसोटीवर पर्यायांचा क्रम बराच बदलतो. ट्रूनॅस ही साठवणुकीसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम झेडएफएस या फाइल सिस्टीमवर (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीवर) उभी आहे आणि झेडएफएसचा गुण मोठा आहे: ती माहितीच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवते, त्यामुळे डिस्कवर नकळत बिघडलेली माहिती वाचतानाच पकडली जाते आणि दुसरी प्रत किंवा पॅरिटी (हरवलेली माहिती पुन्हा काढता यावी म्हणून ठेवलेली जादा माहिती) असेल तर दुरुस्तही होते. परंतु झेडएफएसच्या रेड-झेड या अनेक डिस्कांच्या मांडणीत फाइली अनेक डिस्कांवर विखुरलेल्या असतात, त्यामुळे एकटी डिस्क बाहेर काढली तर तिच्यातून काहीही वाचता येत नाही, आणि सहन होण्यापेक्षा जास्त डिस्का एकाच वेळी गेल्या तर सगळाच साठा जातो. शिवाय अशा संचात एक-एक डिस्क वाढवण्याची सोय ओपनझेडएफएसमध्ये (झेडएफएसच्या मुक्त रूपात) 2025च्या जानेवारीत आलेल्या 2.3 या आवृत्तीपासूनच मिळू लागली. अनरेड ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम सशुल्क असली तरी तिची रचना मला घरासाठी अधिक सुज्ञ वाटते, कारण तिच्या नेहमीच्या मांडणीत वेगवेगळ्या आकारांच्या डिस्का चालतात आणि प्रत्येक डिस्कवर स्वतंत्र फाइल सिस्टीम असते.

मी स्वतः साधी डेबियन ही लिनक्स वापरतो. डिस्का ईएक्सटी4 या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीममध्ये फॉरमॅट केलेल्या, त्या सगळ्या मर्जरएफएस या प्रोग्रामने एकाच फोल्डरसारख्या दिसणाऱ्या, आणि संरक्षणासाठी स्नॅपरेड हा पॅरिटी ठेवणारा प्रोग्राम. स्नॅपरेड पॅरिटी सतत मोजत नाही, आज्ञा दिल्यावर मोजते. त्यामुळे शेवटच्या मोजणीनंतर टाकलेली फाइल डिस्कसोबत जाऊ शकते. रोज बदलणाऱ्या कागदपत्रांना ही पद्धत चालणार नाही. एकदा ठेवले की वर्षभर न हलणाऱ्या व्हिडिओंना ती अगदी योग्य आहे. यातली कोणतीही डिस्क कोणत्याही लिनक्स संगणकाला जोडली की उघडते. पॅरिटी म्हणजे बॅकअप नव्हे, हे मात्र या सगळ्याच पर्यायांना लागू आहे.

दुसरा निकष ट्रान्सकोडिंगचा, म्हणजे व्हिडिओ चालू असतानाच दुसऱ्या स्वरूपात बदलण्याचा. टीव्हीला फाइल जशीच्या तशी चालत असेल, तर सर्व्हर ती केवळ पाठवतो आणि ते काम जुनाट प्रोसेसरही करतो. पण ब्ल्यू-रेवरून आलेली, चित्रांच्या स्वरूपातली सबटायटल्स टीव्हीला वाचता आली नाहीत, तर ती प्रत्येक फ्रेमवर उमटवावी लागतात आणि त्यासाठी संपूर्ण व्हिडिओ नव्याने एन्कोड होतो. हा भार ग्राफिक्स चिपने उचलावा लागतो. इंटेलच्या प्रोसेसरांतली क्विक सिंक ही व्हिडिओ बदलण्याची सोय 2011पासून आहे, परंतु 10 बिटच्या एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करण्याची एक पद्धत) फाइलींसाठी सातव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर घ्यावा. जेलीफिन हा मीडिया सर्व्हरचा प्रोग्राम लिनक्सवर ज्या वापरकर्ता-खात्याखाली चालतो, त्याला ग्राफिक्स चिप वापरण्याची परवानगी देणाऱ्या ‘रेंडर’ गटात घालावे लागते. ते राहिले तर चिप असूनही हार्डवेअर ट्रान्सकोडिंग चालत नाही. डेबियनची उणीवही इथेच आहे: तिच्या स्थिर आवृत्तीतले कर्नल (सिस्टीमचा गाभा) जुने असते, त्यामुळे अगदी नव्या प्रोसेसरसाठी बॅकपोर्टमधले, म्हणजे स्थिर आवृत्तीसाठी वेगळे दिलेले नवे कर्नल घ्यावे लागू शकते.

विंडोजवरही जेलीफिन उत्तम चालते, पण अपडेटनंतर आपणहून पुन्हा सुरू होणारे यंत्र सर्व्हर म्हणून मला पटत नाही. शिवाय विंडोज 10चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप मागते; सर्व्हरसाठी आपण जी जुनी यंत्रे पुन्हा वापरात आणतो, त्यांतली बरीचशी तिथेच अडतात.

विंडोजवरून लिनक्सवर येताना मराठी नावांच्या फाइलींकडे विशेष लक्ष द्यावे. ईएक्सटी4मध्ये फाइलचे नाव 255 बाइटांपर्यंतच असू शकते आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात, म्हणजे ‘स्त्री’ या एका अक्षरालाच 18 बाइट. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टीममध्ये 255 चिन्हे मावतात, इथे फक्त 85. प्रसंग, स्थळ आणि तारीख असे सगळे नावात लिहिण्याची सवय असेल, तर नक्कल करताना त्या फाइली नाकारल्या जातात. नावे आधीच आखूड करावीत आणि तपशील वेगळ्या माहिती-फाइलीत ठेवावा.

ऑपरेटिंग सिस्टीम छोट्या स्वतंत्र एसएसडीवर ठेवावी, मीडियाच्या डिस्कांवर नव्हे. जेलीफिन डॉकरमध्ये (प्रोग्राम स्वतंत्र डब्यात चालवणाऱ्या साधनात) चालवले, तर त्याचे कॉन्फिग म्हणजे सेटिंगांचे फोल्डर आणि कंपोझ फाइल (डॉकरला तो डबा कसा चालवायचा हे सांगणारी फाइल) एवढ्या दोनच गोष्टींची नियमित प्रत पुरते, आणि नव्या यंत्रावर डिस्का त्याच मार्गांवर जोडल्या की कोणी काय कुठपर्यंत पाहिले होते, ही नोंदही परत मिळते.