नकाशावरचं एक नाव

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी जुने नकाशे सांभाळते. अठराव्या शतकातला प्रवासी आणि नकाशाकार कार्स्टन नीबुर मला आपला वाटतो, कारण 1764 च्या सुमारास मुंबईत राहिला तेव्हा त्यानं घारापुरीची लेणी मोजून चितारली होती. त्या दिवशी मात्र एक वयस्कर गृहस्थ मुलीला घेऊन आले, ते नीबुरच्या 1772 च्या अरबस्तानवरील ग्रंथातला येमेनचा नकाशा बघायला.

वडील मॉर्मन या ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या अमेरिकी पंथाचे, मुलीनं ते चर्च सोडलेलं. दोघांना बघायचं होतं एकच नाव: सानाच्या ईशान्येचं 'नेह्म'.

पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ यानं 1830 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'बुक ऑफ मॉर्मन' या धर्मग्रंथात जेरुसलेम सोडून निघालेली माणसं अरबस्तानातून जातात, 'नाहोम' इथे आपल्यातल्या इश्माएलला पुरतात आणि पूर्वेकडे वळतात. हे नाहोम म्हणजेच नेह्म, असं काही मॉर्मन मानतात. येमेनमधल्या मारिबच्या प्राचीन बरान मंदिरात जर्मन पुरातत्त्वज्ञांना ज्या वेदी मिळाल्या, त्यांवर दात्याची ओळख 'निह्मचा' अशी कोरली आहे. काळ ख्रि.पू. सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे ग्रंथातल्या त्या प्रवासाच्याच सुमाराचा.

"म्हणजे नाव तेव्हाही होतं," वडील म्हणाले.

"आणि 1830 च्या आधी नकाशावरही होतं," मुलगी म्हणाली.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी न्यायाधीश नव्हे, पण गप्प बसणंही मला बरं वाटेना. हा नकाशा स्मिथनं पाहिल्याचा पुरावा नाही, हे मी मुलीला सांगितलं. वडिलांना सांगितलं, की वेदीवरून त्या नावाचे लोक तिथे होते एवढंच कळतं, प्रवास घडला हे कळत नाही. शिवाय 'नाहोम'चा संबंध ज्या हिब्रू धातूशी जोडतात, त्यातला 'ह' घशातून येणारा, वेदीवरचा साधा. रोमन लिपीत दोन्ही एकच दिसतात, जसे आपले 'पाट' आणि 'पात'. नावं परक्या लिपीत जाताना असे फरक पुसले जातात, म्हणून एवढ्यावरून नातं तुटतही नाही. पण जुळलंच, असंही म्हणता येत नाही.

अमेरिकेतल्या घोड्यांचा विषय मुलीनं काढला. त्या पुस्तकात घोडे आहेत, आणि स्पॅनिश येण्यापूर्वी हजारो वर्षं इथे घोडे नव्हते. वडिलांनी वाद घातला नाही. बराच वेळ ते नकाशावर वाकून राहिले.

निघताना त्यांनी वही पुढे केली. "ते तुमचे दोन शब्द लिहून द्याल?" मी देवनागरीत लिहिलं: पाट, पात. मुलगी भिंग धरून दोन्ही अक्षरं वडिलांना दाखवत होती.