ट्यूब लावायची की नाही, एवढंच विचारायचं होतं

आईचा गुडघा दुखायला लागला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर जेल लिहून दिलं, मेडिकलवाल्याने ट्यूब काउंटरवर टाकली. इथपर्यंत सगळं झटपट. पण आईच्या हृदयात धातूची झडप आहे आणि त्यासाठी ती रोज वॉरफरिन घेते, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी. गुडघ्याची चिठ्ठी लिहिताना हा विषय निघालाच नाही.

मेडिकलमध्ये मी विचारलं, "दादा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे चालेल ना?"

"अहो, वरनं लावायचंय. पोटात कुठं जातंय?"

हेच उत्तर मला साताऱ्यात सगळीकडे मिळालं. कातडीतून औषध आत जातं, गोळीच्या मानाने कमी जातं पण जातंच, हे एकालाही सांगावंसं वाटलं नाही.

मग आईला घेऊन एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. केसपेपरच्या खिडकीपासूनच चेंडूफळी सुरू. "कुठला विभाग, हाडांचा की हृदयाचा?" मी म्हटलं, दोन्हीच्या मधला. त्यांना हसू आलं नाही. हाडांच्या विभागात म्हणाले, वॉरफरिनचं हृदयवाले सांगतील. हृदयाच्या विभागात म्हणाले, जेल आम्ही दिलेलं नाही, ज्यांनी दिलं त्यांना विचारा. साहेब राउंडला गेलेत. साहेब आलेत, पण आता टोकनवालेच. टोकन घेतलं तर साहेब जेवायला. आई बाकावर बसून म्हणत होती, "आरं, चोळू की थोडं. त्यात काय इचारायचं?" शेजारच्या बाया तिला निरगुडीचा पाला आणि एरंडाची पानं शेकून बांधायला सांगत होत्या. समोर एक काका बसले होते, निवृत्त एसटी कंडक्टर. त्यांनी गुडघ्यावरचा पट्टा सोडला आणि मेंथॉलचा भपकारा सगळ्या बाकापर्यंत आला. आत जेल चोपडलेलं, वरून पट्टा करकचून, त्यावर सकाळी गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. कातडी लालभडक झालेली, कडेला बारीक फोड. ते मात्र कौतुकाने सांगत होते, "औषध आत मुरलं पाहिजे ना!"

जेलवर शेक नाही आणि घट्ट पट्टाही नाही. हे मी तिथेच आईला बजावलं, कारण घरी तिची पिशवी तापलेलीच असते.

शेवटी एका शिकाऊ डॉक्टर मुलीने ट्यूब हातात घेतली. अक्षरं मुंगीएवढी. तिने मोबाइलवर फोटो काढून मोठा केला आणि वाचून दाखवलं: डायक्लोफिनॅक डायएथिलअमाइन १.१६ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के, मेंथॉल ५ टक्के, जवसाचं तेल ३ टक्के. (जवस ऐकून आईचा चेहरा खुलला. चटणीतलं काहीतरी निघालं एकदाचं.) दुसऱ्या नावावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे ॲस्पिरिनच्या भावकीतलं. वॉरफरिनवर असणाऱ्याला हे नको, रक्त जास्तच पातळ होऊ शकतं." मग आत जाऊन तिने साहेबांना विचारलं आणि चिठ्ठी बदलून आणली: नुसतं डायक्लोफिनॅकचं जेल, एकाच गुडघ्याला, थोडे दिवस, आणि आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते बघायची, तपासणी नेहमीपेक्षा लवकर. दोन मिनिटांचं काम. त्यासाठी अख्खा दिवस गेला, हे अजून डोक्यातून जात नाही.

किती लावायचं तेही तिनेच सांगितलं. एरवी एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चारदा लावतात. आईला मात्र २ ग्रॅम, सकाळ-रात्र. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब आठवडाभर पुरते. महिनोन्‌महिने पुरत असेल तर बोट नुसतं फिरवलं जातंय.

अजून आठवलं ते लिहितो. जेल लावल्यावर साबणाने हात धुवायचे, नाहीतर तोच हात डोळ्याला जातो. बोटांनाच लावलं असेल तर मात्र लगेच धुवायचे नाहीत. खरचटलेल्या, चिरलेल्या किंवा पुरळ आलेल्या जागी लावायचं नाही. लावलेल्या जागेवर ऊन पडू द्यायचं नाही. सोबत डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, कारण एकाच जातीचं दुखणं थांबवणारं औषध दोन वाटांनी आत जातं. किडनीचा त्रास, पोटात अल्सर, ॲस्पिरिनने दमा उसळणारे, गरोदर बाया, यांनीही विचारल्याशिवाय लावू नये. आईसारखी गोळी असेल तर हिरड्यांतून रक्त, अंगावर उगाच काळेनिळे डाग किंवा काळी शौच दिसली की जेल थांबवून सरळ डॉक्टर गाठायचा.

आईचा पुढचा आयएनआर नीट आला. आणि हो, बऱ्याच ट्यूबवर एक्स्पायरीची तारीख दुमडलेल्या शेपटीवर ठोकलेली असते. आई ट्यूब तिकडूनच गुंडाळत आणते, म्हणून नवी आणली की आधी तारखेचा फोटो काढून ठेवतो.