निसरडा डिंक

पाण्याची बाटली रोज विसळली तरी आतून बोट फिरवलं की बुळबुळीत लागतंच. गंमत म्हणजे बोटाला घसरवणारा हा थर मुळात घट्ट धरून राहण्यासाठीच बनलेला असतो. जिवाणूंचा डिंक तो!

हे चिकटणं एका झटक्यात होत नाही. एक तर जिवाणूला कोरी भिंत मिळतच नाही. काच असो, प्लास्टिक असो की स्टील, पाणी लागताच तिच्यावर प्रथिनं आणि इतर सेंद्रिय रेणूंचा न दिसणारा लेप बसू लागतो. त्यात बहुतेक जिवाणूंच्या अंगावर ऋण भार आणि काचेवरही ऋणच, म्हणजे जवळ जावं तर रेटलं जाणं आलं. तो रेटा ओलांडून टेकलेलेही बरेचजण पुन्हा सुटून पोहायला लागतात, भाड्याची खोली नुसती बघून जावी तसे. जे राहायचं ठरवतात (ठरवतात म्हणणं जरा जास्तच झालं!) ते अंगावरचे केसासारखे तंतू भिंतीला लावतात आणि शर्करा, प्रथिनं, डीएनए यांचा चिकट गर स्वतःभोवती सोडतात.

कॉलोबॅक्टर नावाचा गोड्या पाण्यातला एक जिवाणू तर देठाच्या टोकाशी डिंकाचा ठिपका घेऊनच जगतो. 2006 मध्ये त्याची पकड मोजली, तेव्हा ती दर चौरस मिलिमीटरला सुमारे 70 न्यूटन भरली. म्हणजे तेवढ्याशा जागेवर जवळपास 7 किलो वजन लटकवता येईल.

एवढा खटाटोप पोटासाठी. निकस पाण्यातलं तुटपुंजं अन्न भिंतीवर साचतं, म्हणून पाणी जितकं निकस तितका भिंतीचा फायदा जास्त, हे सागरी जिवाणूंचे अभ्यासक क्लॉड झोबेल यांनी 1943 मध्येच दाखवलं होतं.

शिवाय संरक्षण मिळतं ते वेगळंच. सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पहिल्यांदा पाहणाऱ्या लेव्हेनहूक यांनी सतराव्या शतकात दातांवरच्या किटणावर व्हिनेगर वापरून पाहिलं, तर फक्त वरवरचे जीव मेले, आतले शाबूत. कृत्रिम सांध्यावर किंवा कॅथेटरवर (शरीरात घातलेल्या नळीवर) असा थर जमला की आजही डॉक्टरांची हीच पंचाईत होते. सुट्या जिवाणूंना सहज मारणारं औषध इथे लंगडं पडतं आणि कित्येकदा ती वस्तूच काढून टाकावी लागते. मला मात्र जास्त नवल वाटतं ते याचं, की अन्न आटलं की यातलेच काही आपला डिंक स्वतः विरघळवतात आणि दुसरी भिंत शोधायला निघतात.